बेटावर राहून ऑनलाइन काम : गावाकडून येणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी कापूस आणि तूर. माझं काम हिशोबाचं. कृषी केंद्रं, किराणा, हार्डवेअर, एखादी जिनिंग, अशांची पुस्तकं ठेवते आणि जीएसटीची विवरणं भरते. गेली काही वर्षं संक्रांत झाली की मी अंदमानातल्या स्वराज द्वीपवर जाते, ज्याला पूर्वी हॅवलॉक म्हणत. तिथून हेच काम करते आणि रोहिणी लागायच्या आत घरी परतते. गावातली पोरं, त्यांचे आईबाप, माझ्याच दुकानदारांच्या घरची मुलं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं आहे. ज्याला जायचं त्याने तयारीनिशी जावं आणि ज्याची वेळ आली नाही त्याने कर्ज काढून जाऊ नये, यासाठी.

ताई, बेटावर गेलं की काम भेटते का?

नाही. काम आपलं आपण सोबत न्यायचं असतं. बेटावर जे काम आहे ते हॉटेलचं, बोटीचं, डायव्हिंगचं, मासेमारीचं, सुपारी-नारळाच्या वाडीचं. ते तिथल्या लोकांच्या हातात आहे आणि त्यांच्याकडेच राहायला हवं. "आधी जातो, मग काहीतरी पाहतो" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते : आधी गावात बसून सलग सहा महिने ऑनलाइन कामातून स्वतःचा खर्च भागवा. गावातली परीक्षा बेटापेक्षा कठीण आहे. लाइट जाते, नेट जातं, आणि "घरीच तर आहेस, चल ना जरा तहसीलमध्ये" म्हणणारे दिवसातून चार जण येतात. इतकं सगळं सांभाळून ज्याचं काम वेळेवर जातं, त्याचं बेटावरही जाईल.

कोन्तं काम तिथून जमते?

ज्यात फाइल जाते-येते ते सगळं जमतं. हिशोब, भाषांतर, सबटायटल, डिझाइन, प्रोग्रामिंग, लेखन. आठवड्याला एक-दोन व्हिडिओ कॉल असले तरी हरकत नाही. दिवसभर फोनवर बोलायचं ग्राहकसेवेचं काम मात्र मी कुणाला सुचवत नाही. मध्येच आवाज तुटतो, शेजारी जनरेटर सुरू होतो, आणि तक्रार तुमच्या नावावर लागते. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्यांनी धडे आधी रेकॉर्ड करून ठेवावेत आणि थेट तास थोडेच ठेवावेत.

नेट चालते का? आमच्या गावात तर गच्चीवर चढा लागते.

चालतं, पण कुठल्या बेटावर राहता त्यावर सगळं आहे.

२०२० च्या ऑगस्टपर्यंत अख्खं अंदमान-निकोबार उपग्रहाच्या नेटवर होतं. ते महागही होतं आणि संथही. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नई ते पोर्ट ब्लेअर ही समुद्राखालची केबल सुरू झाली. तिची लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. पोर्ट ब्लेअरहून ती पुढे स्वराज द्वीप, लिटल अंदमान, रंगत, लाँग आयलंड, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबारपर्यंत जाते. ही केबल आली नसती तर मी हे पान लिहिलंच नसतं. आपल्याकडचं सिमकार्ड तिथे चालतं, वेगळं घ्यावं लागत नाही. पण एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. खोली घेताना फोन हातात धरून, काम करायला बसणार त्याच कोपऱ्यात उभं राहून नेट तपासा. जेट्टीजवळ चार काड्या दिसतात आणि नारळाच्या वाडीत शिरलं की एक उरते.

माझ्या कामातलं उदाहरण देते. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरण आणि २० तारखेला कर भरायचं विवरण, या दोन तारखा माझ्यासाठी पोळ्याइतक्याच पक्क्या. २० ला पोर्टलवर देशभरातून गर्दी असते. विवरण भरून झालं की ओटीपी जातो दुकानदाराच्या मोबाइलवर, माझ्या नाही. म्हणजे इकडे माझं नेट सुरू, तिकडे मारेगावच्या कृषी केंद्रात त्यांचा फोन लागतो आहे, आणि काउंटरवर बियाण्याची गर्दी नाही, हे तिन्ही एकाच वेळी जुळावं लागतं. "भाऊ, सहा आकडे आले का?" "थांब जो ताई, गिऱ्हाईक आहे." तेवढ्यात ओटीपीची वेळ संपते. म्हणून मी विवरणं १६-१७ तारखेलाच उरकते आणि दुकानदारांना आदल्या दिवशी वेळ सांगून ठेवते. तुमचं काम कोणतंही असो, शेवटच्या दिवशी करायची सवय बेटावर चालत नाही. केबलला कुठे धक्का लागला, तर संपूर्ण द्वीपसमूहाचं नेट मंदावतं आणि तुम्ही काही करू शकत नाही.

लाइटचं कसं?

तिथली वीज मुख्यतः डिझेल जनरेटरवर तयार होते. आपल्यासारखं राष्ट्रीय जाळं तिथवर पोचत नाही. जाते, येते, कधी दाबाने कमी येते. आपल्याकडे रात्रीच्या थ्री-फेजवर मोटर चालवणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. लॅपटॉपची बॅटरी चांगली हवी, राउटरला छोटा यूपीएस, आणि स्पाइक गार्ड. ज्या घरात स्वतःचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे ते भाड्याला थोडं जास्त पडलं तरी घ्या.

घड्याळ तेच, मग दिवस वेगळा काऊन वाटते?

कारण अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र भारताचंच. आपल्याकडच्या आणि तिथल्या सूर्यात जवळपास तासाभराचा फरक पडतो. जूनमध्ये तिथे पाचच्या आधीच उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडतो. सुरुवातीचे दिवस विचित्र जातात. पण काम करणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. साडेपाचला बसलं की दहापर्यंत डोकं लागणारं सगळं काम हातावेगळं होतं, नेटवर गर्दी नसते, हवा थंड असते. गावाकडचे फोन दहानंतर सुरू होतात. दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि साडेतीनला पाण्यावर जायचं, कारण नंतर अंधारच आहे. शेतावर पहाटे जायची सवय असलेल्या माणसाला ही वेळ शहरातल्या पोरांपेक्षा लवकर मानवते, हे मी तिथे येणाऱ्यांकडे पाहून सांगते.

कोणत्या महिन्यात जावं?

"अंदमानात मान्सून दाखल" ही बातमी आपल्या घराघरात दरवर्षी ऐकतात. ती येते मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. त्यानंतर आपल्याकडे पाऊस पोचायला साधारण जूनचा मध्य उजाडतो. माझं सगळं वेळापत्रक या दोन तारखांमध्ये बसवलेलं आहे. कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी उरकली की निघायचं, आणि तिथे पाऊस लागायच्या आत निघून इथे पाऊस यायच्या आधी घरी. त्यात एप्रिल-मेचं आपलं पंचेचाळीसचं ऊनही चुकतं. तिकडे पारा वर्षभर तेवीस ते एकतीसच्या आसपास असतो, घाम मात्र सतत.

मे ते डिसेंबर तिथे पावसाचेच दिवस. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे यवतमाळच्या जवळपास तिप्पट. वर ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. समुद्र खवळला की बोटी बंद, आणि बोटी बंद म्हणजे भाजी, गॅस, माणूस सगळं जिथल्या तिथे. पावसाळ्यात भाडी उतरतात म्हणून कुणी जायचा विचार करत असेल, तर त्याने चार दिवस अडकून पडायची तयारी ठेवावी.

जानेवारी ते एप्रिलमध्ये वेगळी अडचण. तेव्हा पिण्याच्या पाण्याची टंचाई होते. पोर्ट ब्लेअर शहर धनिखारी धरणाच्या पाण्यावर आहे आणि उन्हाळ्यात तिथे पाणी ठरवून, दिवसाआड किंवा त्याहून अंतराने सोडतात. टँकरची वाट पाहत बसलेल्या आपल्या गावांना हे समजावून सांगायची गरज नाही. खोली घेताना टाकी किती मोठी आणि विहीर आहे का हे विचारा. बादलीत आंघोळ करा. आपण पाहुणे आहोत, पाणी त्यांचं आहे.

नागपूरहून जायचं कसं?

दोन वाटा. विमानाने चेन्नई किंवा कोलकाता गाठून पुढे पोर्ट ब्लेअर. चेन्नईहून दोन तासांच्या थोडं वर लागतं. तिकीट महिना-दीड महिना आधी काढलं तर परवडतं. मी बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई गाठते आणि तिथून विमान धरते, आमच्या भागाला ते जवळ पडतं. दुसरी वाट जहाजाची : चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं जातात, प्रवास तीनेक दिवसांचा. जहाजाचं वेळापत्रक आधी पक्कं ठरत नाही आणि समुद्रात नेट नाही. म्हणून ज्याला कामाच्या तारखा आहेत त्याने जहाजाने एकदा हौसेने जावं, दरवेळी नाही.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. नवीन कागदांवर तेच दिसेल, गोंधळू नका. तिथून स्वराज द्वीपला सरकारी बोट किंवा खाजगी कॅटामरान (वेगवान बोट), दीड ते अडीच तास. तिकिटाला ओळखपत्र लागतं.

महिन्याला किती खर्च येते?

आकडा मी मुद्दाम देत नाही. सीझनला आणि सीझनबाहेर भाड्यात इतका फरक पडतो की आज सांगितलेला आकडा उद्या खोटा ठरेल. हिशोब कसा करायचा ते सांगते. खोली पर्यटकांच्या साइटवरून रात्रीच्या दराने घेऊ नका. चार रात्री कुठेतरी उतरा, गावात फिरा, आणि महिन्याच्या बोलीवर घर शोधा. बीचपासून आत, भाताच्या बांधाजवळ किंवा सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या कुटुंबाकडे खोली स्वस्त मिळते आणि घरचं जेवणही. नारळ, केळी, मासळी तिथली. कांदा, बटाटा, डाळ, गॅस हे सगळं मुख्य भूमीवरून जहाजाने येतं, त्यामुळे ते महाग. एटीएम थोडे आहेत आणि यूपीआय नेटवर चालतं, म्हणून रोख जवळ हवी.

निघायच्या आधी बँकेत तीन महिन्यांचा खर्च आणि परतीच्या विमानाचं ऐनवेळचं तिकीट, एवढी रक्कम वेगळी ठेवा. ती नसेल तर जाऊ नका. पीककर्जातून किंवा बचत गटाच्या पैशातून तर अजिबात नाही.

बाई, आमची पोरगी म्हणते मी जातोच. एकट्या पोरीले पाठवा का?

काकाजी, मी एकटीच जाते आणि रात्री जेट्टीवरून घरी चालत आले आहे. अंदमानात बाईमाणसाला वावरायला मोकळं वाटतं, बसमध्ये, बाजारात, सगळीकडे. तरी मुलीला या गोष्टी नक्की सांगा. पहिल्यांदा पोचताना दुपारच्या बोटीने पोचायचं, कारण पाचनंतर अंधार. घरमालकाचं कुटुंब त्याच आवारात राहतं अशीच खोली घ्यायची. आतून कडी, खिडकीला जाळी, वाटेवर दिवा, हे पाहूनच आगाऊ पैसे द्यायचे. घरमालकिणीचा नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करून, एकदा दोघींना बोलायला लावायचं. माझ्या आईचं आणि तिथल्या बंगाली मावशींचं बोलणं मोडक्या हिंदीत चालतं, आणि आता त्या माझ्याशिवायही बोलतात. आईची काळजी माझ्या शंभर फोनने कमी झाली नसती, ती त्यामुळे झाली.

तुमच्या मनातला खरा प्रश्न "लोक काय म्हणतील" हा असेल, तर एवढंच म्हणते की पोरगी स्वतःच्या कमाईवर जाते आहे. लग्नाच्या बैठकीत तिची कमाई सांगायला आपण लाजत नाही.

आई-बाबा गावात एकटे. काही झालं तर?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि बहुतेक जण तो शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारतात.

अंतर खरं आहे. बेटावरून बोट, मग विमान, मग चेन्नईहून नागपूर किंवा बल्लारशाह, मग गाव. सगळं जुळून आलं तरी घरी पोचायला दीड-दोन दिवस जातात. रात्री बोट नसते आणि पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं दिवसाचीच. म्हणजे पुण्याहून धावत येणं आणि बेटावरून येणं यांत फार फरक आहे. ज्यांच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू आहे, केमो चालू आहे किंवा वडिलांना नुकताच झटका येऊन गेला आहे, त्यांनी यंदा जाऊ नये. बेट कुठे जात नाही.

ज्यांचे आईवडील हिंडतेफिरते आहेत त्यांनी निघण्याआधी ही कामं करावीत. गावात एक माणूस पक्का करा, चुलत भाऊ असो की शेजारी, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो रात्री दोनला फोन उचलतो. त्याच्या खात्यावर दवाखान्यापुरती रक्कम आधीच टाका, म्हणजे ऐनवेळी त्याला कुणाकडे हात पसरावा लागणार नाही. आईच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून देवघराजवळ लावा आणि फोटो स्वतःकडे ठेवा. आयुष्मान कार्ड काढून घ्या आणि आपल्या भागातली कोणती रुग्णालयं त्यात आहेत ते आत्ताच पाहून ठेवा. बाबांना व्हिडिओ कॉल उचलायला शिकवा, लावायला पण.

शेतीचं वेगळं. मी खरिपात घरीच असते, कारण पेरणी, निंदण, फवारणी हे फोनवरून होत नाही आणि सालदारावर टाकून देणं मला पटत नाही. ज्यांना पावसाळ्यातही बाहेर राहायचं आहे त्यांनी शेत बटईने किंवा मक्त्याने देताना करार कागदावर करावा. ई-पीक पाहणी, म्हणजे पेऱ्याची मोबाइलवरून करायची सरकारी नोंद, शेतात उभं राहूनच करावी लागते, बेटावरून होणार नाही. पण ती दुसऱ्याच्या मोबाइलवरूनही करता येते, तेव्हा नात्यातल्या कुणाला तरी नक्की सांगून जा. ती राहिली तर पीकविम्याला आणि नुकसानभरपाईला अडचण येते, आणि तेव्हा समुद्रकिनाऱ्याचे फोटो कामी येत नाहीत.

परवाना लागतो का?

भारतीयांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप (पूर्वीचं नील) इथे जायला-राहायला परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रात मात्र जाता येत नाही. त्यासाठी १९५६ चा कायदा आहे. जारवा आदिवासींच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. निकोबार बेटांसाठी वेगळा पास लागतो. आपण मेळघाट आणि झाडीपट्टीच्या शेजारी राहणारी माणसं. जंगलातल्या माणसाला बघायची वस्तू केलं की काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. तिथे ते करू नका.

शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे पिशवीत घालू नका, विमानतळावर तपासतात. जिथे मगरीची पाटी लावली आहे तिथे पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या नदीतल्या मगरीहून फार मोठी असते.

लक्षद्वीपबद्दल पण विचारतात. तिथे २०२४ च्या जानेवारीत कोचीहून केबल पोचली, नेट सुधारलं. पण बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो आणि तो ठरावीक मुदतीचा असतो, त्यामुळे महिनोन्‌महिने राहून काम करायला ती जागा सध्या सोयीची नाही.

बाली, थायलंड, मॉरिशस?

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे काम करणं हे कागदावर चुकीचं आहे. "सगळे करतात" म्हणणारा माणूस पकडला गेल्यावर तुमच्यासोबत उभा राहत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा आहेत, त्यांच्या अटी पाहा.

इंडोनेशियाने अशा लोकांसाठी एक वर्षाचा व्हिसा काढला आहे, पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलर कमाई दाखवावी लागते, म्हणजे पन्नास लाखांच्या वर. आपल्यातल्या बहुतेकांना तो दरवाजा बंदच. थायलंडचा २०२४ मध्ये आलेला व्हिसा पाच वर्षांचा आहे, एका वेळी १८० दिवस राहता येतं, आणि खात्यात ५ लाख बात लागतात, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये. मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, शुल्क नाही, आणि मॉरिशसबाहेरून महिना १,५०० डॉलर कमाई असल्याचं दाखवावं लागतं, साधारण सव्वा लाख रुपये. तिघांत मला मॉरिशस सगळ्यात जवळचं वाटतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासच मागे आहे. इंग्रजांच्या काळात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत, शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा काळ, तेवढं लक्षात ठेवा. अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

एक एजंट म्हणते, थायलंडमध्ये कंप्युटरची नोकरी, तिकीट-राहणं फुकट, पगार लाखभर. जाऊ का?

जाऊ नका. याच्यावर मी कधीही, कितीही वेळ बोलायला तयार आहे.

२०२२ पासून आपलं परराष्ट्र मंत्रालय याविषयी इशारे देत आलं आहे. "डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह", "डेटा एन्ट्री" अशी नावं देऊन पोरांना बँकॉकला नेतात, तिथून रस्त्याने म्यानमारच्या हद्दीत घालतात. पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाच्या आत बसवून लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करवून घेतात. नाही म्हटलं तर मारहाण. कंबोडिया आणि लाओसमध्येही असले अड्डे आहेत. जी पोरं यात सापडतात ती बहुतेक शिकलेली, टायपिंग येणारी, नोकरी शोधून दमलेली असतात. आपल्या तालुक्यातल्या पोरांसारखीच.

ओळखायचं कसं : मुलाखत फक्त व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर होते, कंपनीचं नाव दर आठवड्याला बदलतं, पगार कामाच्या मानाने फार मोठा, व्हिसा पर्यटकाचा, आणि "घरी आत्ताच सांगू नको" असं म्हणतात. यातली एक गोष्ट दिसली तरी फोन ठेवून द्या. परदेशातल्या नोकरीचा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. पैसे गेले असतील तर लाजू नका, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळायची आशा कमी.

कमाईवर टॅक्स कुठं भरा लागते?

अंदमान भारतच आहे, त्यामुळे गावात जो आयकर तोच तिथे. विवरण नेहमीसारखं भरायचं. परदेशात राहत असाल तर दिवस मोजा : आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात तर तुम्ही इथले रहिवासी, आणि जगात कुठेही कमावलेलं इथे दाखवावं लागतं. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. काम घरून करा की बेटावरून, प्रत्येक बिल क्रमांक टाकून बनवा आणि पैसे बँकेतच घ्या. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तीच कागदं कामी येतात.

दवाखाना?

स्वराज द्वीपवर सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं काही असेल तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. रोजच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन जा. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आठ-आठ दिवस खाज जात नाही. तेल लावून जा आणि खाजवू नका.

त्सुनामी आली तर?

२६ डिसेंबर २००४ ला आली होती, निकोबारमध्ये गावंच्या गावं गेली. हा भाग भूकंपाच्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात आहे. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून इशारे दिले जातात, पण जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर इशाऱ्याची वाट पाहू नका, लॅपटॉप तिथेच टाकून उंचावर पळा. खोली घेतली की पहिल्याच दिवशी उंच जागेची वाट चालून पाहा.

करमते का तिथं?

पहिला महिना नाही. नंतर करमतं. स्वराज द्वीपवरची बहुतेक कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. जंगल तोडून, भात लावून त्यांनी गावं उभी केली. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी नावं आहेत, पण लोक तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर असंच म्हणतात. घर मागे सोडून आलेल्या माणसांची ती मुलं-नातवंडं, त्यामुळे "घरी कोण कोण आहे" हा प्रश्न ते मनापासून विचारतात. शेतीवर बोला, लगेच बसवून घेतात. माझ्याकडे कापसाबद्दल सांगायला पुष्कळ होतं आणि त्यांच्याकडे सुपारीबद्दल.

मराठी बोलायला भेटतात ते नौदलातले, बँकेतले, आणि सेल्युलर जेल पाहायला आलेले. सावरकर तिथे १९११ ते १९२१ होते. प्रत्येक मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला आधी तिकडेच जातो, तुम्हीही जाल.

सोबत काय न्यावं?

कपडे सुती आणि थोडे. खारट दमट हवेत लॅपटॉपचे स्क्रू महिनाभरात लाल पडतात. म्हणून काम संपलं की तो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. चामड्याची चप्पल घरीच राहू द्या, बुरशी धरते. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि सगळ्यांच्या प्रती ईमेलवर. विजेरी, दोन हार्ड डिस्क, जास्तीचा चार्जर, कारण तिथे एखादी वस्तू बिघडली की नवी यायला आठवडा लागतो.

खाण्याचं म्हणाल तर तिकडे भात आणि मासळी. शाकाहारी थाळी मिळते, पण ज्वारीची भाकर मिळत नाही. तिखट, जवसाची चटणी, सांडगे, तुरीची डाळ हे मी घरूनच नेते आणि संपेपर्यंत टिकतं. ज्वारीचं पीठ मात्र दमट हवेत लवकर कडू होतं आणि जाळी धरतं. एका महिन्यापुरतंच न्या, स्टीलच्या डब्यात ठेवा आणि पहिल्याच महिन्यात संपवा.